घरी लहान मूल असताना पुन्हा शिकायला लागणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोठी तीन वर्षांची आणि धाकटा सात महिन्यांचा असताना मी अर्धवट राहिलेली पदवी पुन्हा हाती घेतली. पूर्ण व्हायला साडेचार वर्षं लागली. तेव्हापासून ओळखीतल्या, ओळखीच्यांच्या ओळखीतल्या आया (आणि हल्ली काही बाबाही) मला फिरून फिरून तेच प्रश्न पाठवतात. ते इथे एकत्र केले आहेत. कुठलंही उत्तर सुटं वाचलं तरी चालेल. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. बाळ अजून लहान आहे. आत्ताच सुरू करू की ते शाळेत जायला लागेपर्यंत थांबू?

बाळाचं वय किती यापेक्षा तुम्हाला रात्रीची सलग झोप किती मिळते ते आधी पाहा. मोठ्या माणसाला सात तास तरी झोप हवी, असं झोपेचे तज्ज्ञ सांगतात. बाळ रात्रीतून तीन-चारदा उठत असेल तर ती मिळत नाही, आणि अपुऱ्या झोपेत वाचलेलं डोक्यात नीट बसत नाही. दिवसभरात शिकलेलं पक्कं होण्याचं बरंचसं काम झोपेतच होतं. अशा काळात एकच विषय घ्या किंवा एक सत्र थांबा. बाळ रात्री बऱ्यापैकी झोपत असेल आणि आठवड्यातून दोनदा तरी ठरल्या वेळी त्याला दुसऱ्या कुणाच्या हाती देता येत असेल, तर शाळेची वाट पाहण्याचं कारण मला दिसत नाही. शाळा सुरू झाली की तास मोकळे मिळतात हे खरं, पण पहिल्या वर्षात आजारपणंही वाढतात (प्रश्न १३).

२. दहा वर्षांनी पुस्तक उघडते आहे. बाळंतपणानंतर तर सगळं विसरायलाच होतं. माझं डोकं आता चालेल का?

चालेल. ही भीती मला सगळ्यात जास्त जणींनी कळवली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट जुन्या अभ्यासाची. हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली स्वतःवरच केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरांच्या याद्या तो पाठ करायचा, विसरायचा आणि पुन्हा पाठ करायचा. पूर्ण विसरलो असं वाटणारी यादीसुद्धा दुसऱ्यांदा पाठ करायला त्याला कमी वेळ लागायचा. म्हणजे विसरलेलं सगळंच्या सगळं पुसलं जात नाही. पहिले तीन-चार आठवडे जड जातात आणि मग जुन्या ओळखी एकेक करून परत यायला लागतात.

दुसरी गोष्ट बाळंतपणाची. पहिलटकरणींच्या मेंदूचे गरोदरपणाआधीचे आणि नंतरचे स्कॅन ताडून पाहणारा एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. माणसं ओळखण्याशी, दुसऱ्याच्या मनातलं समजण्याशी संबंधित भागांत बदल दिसले आणि ते निदान दोन वर्षं टिकले. पण त्याच बायकांच्या स्मरणशक्तीच्या चाचण्यांत घसरण आढळली नाही. किल्ल्या कुठे ठेवल्या ते आठवत नाही, यात अपुऱ्या झोपेचा आणि एका वेळी दहा गोष्टी डोक्यात ठेवण्याचा वाटा मोठा असतो.

३. दर आठवड्याला नक्की किती तास लागतील?

अभ्यासक्रमाच्या माहितीत क्रेडिट लिहिलेले असतात. एका क्रेडिटमागे किती तास धरले आहेत ते संस्थेला विचारा, कारण हा हिशेब सगळीकडे सारखा नसतो. उदाहरणार्थ, युरोपातल्या पद्धतीत पूर्णवेळ शिक्षणाचं एक वर्ष म्हणजे ६० क्रेडिट, आणि एक क्रेडिट म्हणजे वर्गातली शिकवणी, वाचन, लिखाण, परीक्षेची तयारी सगळं धरून २५ ते ३० तास. सहा क्रेडिटचा एक विषय १५० ते १८० तासांचा झाला. तो पंधरा आठवड्यांत करायचा तर आठवड्याला दहा ते बारा तास, म्हणजे रोज दीड तासाच्या आसपास, तेही एका विषयाला!

हा आकडा पाहून घाबरू नका, पण प्रवेशाआधी एक आठवडा फ्रिजवर कागद लावा. खरोखर मोकळी मिळालेली प्रत्येक पंधरा मिनिटं त्यावर लिहा. मिळेल असं वाटलेला वेळ लिहायचा नाही. आठवड्याच्या शेवटी जी बेरीज येईल तिच्या दोन-तृतीयांश वेळावरच विसंबा. उरलेला वेळ ताप, पाहुणे आणि तुमचा स्वतःचा थकवा घेऊन जातो.

४. दूरस्थ शिक्षण घेऊ की प्रत्यक्ष वर्गात जाऊ? घरबसल्या शिकलेल्याला किंमत असते का?

किंमत संस्थेच्या मान्यतेवर ठरते, तेव्हा ती आधी तपासा. वर्गात न बसता पदवी मिळवण्याची वाट जुनी आहे. लंडन विद्यापीठाने १८५८ साली आपल्या परीक्षा बाहेरून अभ्यास करणाऱ्यांना खुल्या केल्या. १९६९ साली ब्रिटनमध्ये मुक्त विद्यापीठ स्थापन झालं तेव्हा नोकरी-संसार सांभाळणारी माणसंच डोळ्यांसमोर होती.

मात्र लहान मुलांच्या आईबापांना दूरस्थ शिक्षण आपोआप सोपं जातं हे मला पटत नाही. वर्गात जाणारी बाई घराबाहेर पडते, दार बंद होतं आणि तीन तास ती विद्यार्थिनी असते. घरी शिकणारीला 'घरीच तर आहेस' हे वाक्य रोज ऐकावं लागतं. मूल सांभाळायला हक्काचं माणूस किंवा पाळणाघर असेल आणि प्रवास फार लांबचा नसेल, तर वर्गाचा विचार जरूर करा. ते नसेल तर दूरस्थ शिक्षण घ्या, पण व्याख्यानांचं रेकॉर्डिंग मिळतं का एवढं विचारून घ्या. ठरल्या वेळी थेट हजर राहावंच लागणारा ऑनलाइन वर्ग तान्ह्या बाळाच्या घरात निभत नाही.

५. पहाटे उठू की रात्री जागू?

तुमचं मूल ज्या बाजूची झोप गाढ झोपतं, ती बाजू निवडा. बहुतेक लहान मुलं पूर्वरात्री गाढ असतात आणि पहाटे सावध. मी पहाटेचा हट्ट धरला होता. पावणेपाचला बसायचे आणि पाच वाजून दहा मिनिटांनी धाकटा उठून बसायचा. आठवडाभराने लक्षात आलं की पान उलटताना मी मागे टेकते, खुर्ची करकरते आणि त्या आवाजाने तो जागा होतो. मग जमिनीवर सतरंजी टाकून बसायला लागले. वीस मिनिटं वाढली. पुढे मी पहाट सोडून रात्री साडेआठ ते दहा या वेळेवर आले आणि तीच शेवटपर्यंत टिकली.

एकच पथ्य पाळा. दोन्ही टोकांनी झोप कापू नका.

६. सलग अर्धा तासही बसता येत नाही. मूल मध्ये येतं, उठावं लागतं, आणि परत आल्यावर कुठे होते तेच आठवत नाही. काय करू?

माझ्या मते सगळ्या पानातला महत्त्वाचा प्रश्न हाच. शांतता मिळेल तेव्हा अभ्यास करू, असं धरून चाललात तर दोन महिन्यांत हात टेकाल. अभ्यास मोडणार हे गृहीत धरा आणि मोडला तरी पटकन जोडता येईल असा मांडा.

एक काम अर्धं टाकून दुसऱ्याकडे वळलं की मनाचा एक भाग पहिल्या कामातच अडकून राहतो. सोफी लरॉय या संशोधिकेने २००९ साली हे दाखवलं. पुढे २०१८ मध्ये तिने आणि थेरेसा ग्लॉम्ब यांनी त्यावरचा साधा उपायही तपासला. उठण्याआधी मिनिटभरात 'मी कुठे आहे आणि परत आल्यावर काय करायचं आहे' एवढं लिहून ठेवायचं. त्याने मन आधीच्या कामातून सुटतं आणि दुसरं काम नीट होतं.

मला हा अभ्यास तेव्हा ठाऊक नव्हता, पण गरजेपोटी मी तेच करत होते. वहीच्या उजव्या कडेला एक पट्टा आखून ठेवला होता. मूल हाक मारायचं तेव्हा आधी 'आले' म्हणायचं आणि उठता उठता पट्ट्यात लिहायचं. संख्याशास्त्राच्या वहीत अजून आहे: 'पान ११२, उदा. ३. दुसरी ओळ कळली. तिसरीत एक कमी करून का भागलं ते बघ.' त्याखाली मोठीने ओढलेली जांभळ्या खडूची रेघ आहे. दोन तासांनी परत बसले तेव्हा सगळं पान वाचावं लागलं नाही. थेट तिसऱ्या ओळीवर गेले.

दुसरं म्हणजे अभ्यासाचे तुकडे आधीच करून ठेवा. आज 'तिसरं प्रकरण' करणार असं लिहू नका. 'पान ४० ते ४४ वाचून तीन प्रश्न काढणं', 'कालच्या पाच व्याख्या न बघता लिहिणं', 'स्वाध्यायाचा पहिला परिच्छेद' अशी दहा-वीस मिनिटांची कामं लिहा. मोकळा वेळ मिळाला की काय करू याचा विचार करण्यातच तो जायला नको. गाढ विचार लागणारं काम, म्हणजे नवं प्रमेय किंवा निबंधाची मांडणी, मूल दुसऱ्याच्या ताब्यात असेल त्या वेळेसाठी राखा. पुस्तकं-वह्या एका पेटीत ठेवा आणि ती पेटी मुलाचा हात पोहोचणार नाही तिथे. रोज मांडामांड करावी लागली तर ते पंधरा मिनिटांचं काम आपण टाळतोच.

७. वाचते तेव्हा कळतं, दुसऱ्या दिवशी काही राहत नाही. तीन-तीनदा वाचायला वेळ कुठे आहे?

तीनदा वाचू नका. एकदा वाचा, पुस्तक मिटा आणि आठवेल ते लिहा किंवा स्वतःला मोठ्याने सांगा. रोएडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली विद्यार्थ्यांच्या गटांवर हे तपासलं. एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतलेल्या चाचणीत आठवून लिहिणारे पुढे गेले. परत वाचताना सगळं ओळखीचं वाटतं आणि ते आलंच असं आपण समजतो, फसगत तिथे होते.

आठवून पाहण्याला टेबल लागत नाही. बाळाला मांडीवर थोपटताना, कपडे वाळत घालताना, मूल झोपाळ्यावर असताना 'काल वाचलेल्या चार कारणांपैकी किती आठवतात' हे मनात करता येतं. उजळणी एकाच दिवशी तीनदा करण्यापेक्षा अंतर ठेवून करा. परीक्षा जितकी लांब, तितकं दोन उजळण्यांमधलं अंतर जास्त ठेवलेलं चालतं. म्हणजे मुलाच्या आजारपणात चार दिवस वही उघडली नाही तर उजळणीचं फार बिघडत नाही. पाचव्या दिवशी मात्र नवा धडा घेण्याआधी मागचं आठवून लिहा.

८. दुपारी मूल झोपलं की अभ्यास, अशी घडी बसली होती. आता ते दुपारी झोपतच नाही!

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनाप्रमाणे १-२ वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून ११ ते १४ तास झोप हवी, ३-४ वर्षांच्याला १० ते १३. दुपारची झोप बहुतेक मुलं तीन ते पाच वर्षांच्या दरम्यान सोडतात, म्हणजे हा दिवस येणारच असतो. जबरदस्तीने झोपवण्यात तुमचीच दुपार जाईल.

त्याऐवजी तीच वेळ 'शांत वेळ' म्हणून ठेवा. खोलीत अंधूक उजेड, गादी, चित्रांची पुस्तकं, दोन-तीन ठरावीक खेळणी. सुरुवात दहा मिनिटांनी करा आणि दर आठवड्याला थोडी वाढवा. लहान मुलाला 'अर्धा तास' समजत नाही, वाळूचं घड्याळ समजतं. आमच्याकडे तीन आठवड्यांनी पंचवीस मिनिटं मिळायला लागली. त्याहून जास्त कधी मिळाली नाहीत, आणि मूल एकटं ऐकू येईल अशा अंतरावर असल्याने तेवढा वेळ उजळणीसाठीच वापरला.

९. मोबाइल किंवा टीव्ही लावून दिला तर फार वाईट का?

जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनात (प्रश्न ८) दोन वर्षं पूर्ण होईपर्यंत पडदा नको, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास, कमी तितका बरा, असं म्हटलं आहे. दोन वर्षांच्या पुढच्या मुलाला परीक्षेच्या आठवड्यात रोज अर्धा तास एक ठरलेला कार्यक्रम दाखवलात तर त्याचं ओझं मनावर घेऊ नका. मात्र रोजच्या अभ्यासाची वेळ पडद्यावर टांगू नका. बंद करताना होणारा रडका तमाशा निस्तरायला मिळालेल्या वेळातला निम्मा जातो.

१०. बाळ अंगावर पितं आहे. पाजताना वाचू का? आणि जागं राहायला कॉफी किती चालेल?

पाजताना ऐकणं जमतं. व्याख्यानाचं रेकॉर्डिंग किंवा स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड केलेल्या व्याख्या ऐका. रात्री मोबाइलवर वाचत बसू नका, उजेडाने तुमची आणि बाळाची दोघांचीही झोप उडते. आणि डोळे मिटत असतील तर सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत बाळाला घेऊन बसू नका. तिथे बाळासकट डोळा लागणं बाळाच्या जिवावर बेतू शकतं.

कॉफीबद्दल: युरोपातल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५ साली अंगावर पाजणाऱ्या बायकांसाठी दिवसाला २०० मिलिग्रॅम कॅफीनपर्यंत काळजीचं कारण नाही असं सांगितलं. चहाही त्यातच धरा. मोठ्या माणसाच्या अंगातलं निम्मं कॅफीन उतरायला पाचेक तास लागतात, नवजात बाळाला त्यासाठी काही दिवस लागतात. संध्याकाळनंतरची कॉफी तुमचीच पुढची रात्र खराब करते.

११. घरचे 'करू मदत' म्हणतात, पण प्रत्यक्षात कुणी येत नाही. कसं सांगू?

ताकाला जाऊन भांडं लपवू नका. 'जरा मदत कराल का' याचा अर्थ प्रत्येकजण आपल्या सोयीने लावतो. वार, वेळ आणि काम सांगा: 'मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी सहा ते आठ मुलं तुमच्याकडे. त्यांचं खाणं करून ठेवते. मी आतल्या खोलीत आहे, रडलं तरी आधी तुम्हीच घ्या.' शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं आहे. मूल रडलं की तुमच्याकडे आणून दिलं जाणार असेल तर तो अभ्यासाचा वेळ नव्हे.

आणि दिलं की द्या. मुलाला कपडे उलटे घातले, केस विंचरले नाहीत, तर बाहेर येऊन दुरुस्त करू नका. हे मला जड गेलं. दोन तासांत चार वेळा बाहेर येणारी मीच होते.

१२. मी एकटीच मूल सांभाळते. वर लिहिलेलं 'दुसऱ्याच्या हाती द्या' माझ्या उपयोगाचं नाही.

मग विषयांची संख्या हा तुमच्या हातातला मोठा उपाय आहे. एका सत्रात एकच विषय, आणि जो अभ्यासक्रम जास्तीत जास्त वर्षं देतो तो. प्रवेश घेताना दोन गोष्टी विचारा: संस्थेच्या आवारात किंवा तिच्यामार्फत पाळणाघराची सोय आहे का, आणि एकट्या पालकांसाठी फी-सवलत किंवा निधी आहे का. अशा सोयी कुठे कुठे असतात, पण माहितीपत्रकात पहिल्या पानावर छापलेल्या नसतात. विचारल्याशिवाय कळत नाहीत.

दुसरा उपाय अदलाबदलीचा. त्याच वयाचं मूल असलेली दुसरी आई शोधा. एका दुपारी दोन्ही मुलं तुमच्याकडे, दुसऱ्या दुपारी तिच्याकडे. पैसे लागत नाहीत आणि दोघींच्याही गरजेचं असल्यामुळे ही सोय टिकते.

१३. स्वाध्याय उद्या द्यायचा आहे आणि मुलाला ताप आला. काय करू?

आज आधी मूल सांभाळा आणि संस्थेला दोन ओळींचा मेल टाका: मुलाला ताप आहे, अमुक विषयाचा स्वाध्याय अमुक तारखेपर्यंत देते. तारीख तुम्हीच सुचवा. मुदत उलटण्याआधी आलेल्या मेलला मुदतवाढ मिळण्याची शक्यता पुष्कळ जास्त असते. डॉक्टरकडे गेलात तर कागद जपून ठेवा.

पुढच्या वेळेसाठी मात्र तहान लागल्यावर विहीर खणायची नाही. लहान मुलांना वर्षाला सहा ते आठ वेळा सर्दी-पडसं होणं सामान्य आहे, शाळेच्या किंवा पाळणाघराच्या पहिल्या वर्षात याहून जास्तही. तेव्हा ताप ही अचानक आलेली अडचण मानू नका, वेळापत्रकात धरा. माझ्या वहीत स्वाध्यायाची तारीख संस्थेने दिलेल्या तारखेच्या सहा दिवस आधीची असायची आणि खरी तारीख मी लिहायचेच नाही.

१४. अभ्यासक्रम सुरू आहे आणि पुन्हा दिवस राहिले. सोडून द्यावं लागेल का?

सोडण्याआधी 'खंड घेणं' आणि 'नाव काढणं' यांतला फरक संस्थेकडून लेखी समजून घ्या. खंड घेतला तर पूर्ण केलेले विषय शाबूत राहतात आणि ठरल्या मुदतीत परत येता येतं. नाव काढलं तर पुन्हा प्रवेश, कदाचित नव्या अभ्यासक्रमाचा. तीन प्रश्न विचारा: जास्तीत जास्त किती सत्रं थांबता येईल? पदवी पूर्ण करायची एकूण मुदत तेवढी वाढते का? भरलेली फी पुढे धरली जाते का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असेल तर एखादा विषय चालू ठेवणं शहाणपणाचं ठरतं.

बाळंतपणाच्या तारखेच्या आसपास परीक्षा येत असेल तर पाचव्या-सहाव्या महिन्यातच कळवा.

१५. परीक्षा ऑनलाइन, घरूनच आहे. मूल खोलीत आलं तर?

माझ्या बाबतीत हे झालं. कॅमेरा सुरू ठेवून द्यायची परीक्षा होती. बाहेरच्या खोलीत मावशी होत्या, दाराला कडी होती, पण कडी नीट बसली नव्हती. मोठी आत आली, मागे उभी राहून म्हणाली, 'आई, माझा मोजा ओला झाला,' आणि पडद्यावर संदेश आला की दुसरी व्यक्ती आढळल्याने परीक्षा थांबवली आहे. संस्थेला तीन मेल आणि दोन फोन केले. तीन आठवड्यांनी पुन्हा बसू दिलं, पण ते तीन आठवडे मला नीट झोप लागली नाही.

म्हणून परीक्षेच्या पंधरा दिवस आधी लेखी विचारा: घरात लहान मूल आहे, ते चुकून आत आलं तर काय धरलं जातं? केंद्रावर जाऊन परीक्षा देण्याचा पर्याय आहे का? पर्याय असेल तर तोच घ्या. नसेल तर मुलाला घराबाहेर पाठवा. बाहेरच्या खोलीत ठेवणं पुरत नाही. अंगावर पिणारं बाळ असेल तर परीक्षेत मध्यंतर किंवा जादा वेळ मिळतो का, तेही त्याच मेलमध्ये विचारा.

१६. मी बाबा आहे, मुलीला दिवसा मीच सांभाळतो आणि शिकतो आहे. हे सगळं मलाही लागू आहे का?

पाजणं आणि बाळंतपण सोडून सगळं. एक अडचण तुमची वेगळी असते: पालकांसाठीच्या सवलतींचे फॉर्म अजूनही बऱ्याच ठिकाणी 'आई' गृहीत धरून लिहिलेले असतात. नियमात 'पालक' असा शब्द असेल तर अर्ज बेलाशक करा. आणि प्रश्न १७ तुम्हीही वाचा. बाळ झाल्यावर येणारं नैराश्य वडिलांनाही येतं.

१७. पुस्तक उघडलं की रडू येतं. हा आळस आहे का?

आळस असता तर रडू आलं नसतं. बाळंतपणानंतर पहिल्या काही दिवसांत मन हळवं होणं फार जणींना होतं आणि साधारण दोन आठवड्यांत ओसरतं. त्याहून जास्त दिवस उदास वाटत असेल, बाळ झोपलं तरी झोप येत नसेल, कशातच गोडी वाटत नसेल, आपण वाईट आई आहोत हाच विचार घोळत असेल, तर अभ्यासाचं वेळापत्रक बदलून उपयोग नाही. डॉक्टरांकडे जा. ते कदाचित तुम्हाला दहा प्रश्नांची एक छोटी चाचणी देतील. १९८७ सालापासून ती बाळंतपणानंतरचं नैराश्य हेरण्यासाठी वापरली जाते. उपचार आहेत आणि त्यांनी बरं वाटतं. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील तर आजच, आत्ताच जवळच्या माणसाला सांगा आणि दवाखाना गाठा.

अभ्यासाला खंड घ्यायचा असेल तर प्रश्न १४ मधलेच नियम इथेही चालतात, फक्त कारण 'प्रकृती' लिहा. याहून जास्त खुलासा सहसा मागत नाहीत.

१८. प्रात्यक्षिकांसाठी आठवडाभर दुसऱ्या गावी राहावं लागणार आहे. बाळ दहा महिन्यांचं, अंगावर पिणारं. नेऊ की ठेवू?

नेणार असाल तर सांभाळणारं माणूस बरोबर न्यावंच लागेल. प्रयोगशाळेत बाळाला येऊ देत नाहीत, द्यायलाही नको. राहण्याची जागा पायी जाता येईल इतकी जवळ घ्या, म्हणजे मधल्या सुटीत पाजता येतं.

ठेवणार असाल तर महिनाभर आधीपासून तयारी लागते. बाळाला वाटीने किंवा बाटलीने प्यायची आणि दुसऱ्या कुणाच्या हातून झोपायची सवय व्हायला हवी. तिकडे तुम्हाला दर तीन-चार तासांनी दूध काढावं लागेल, नाहीतर छाती दाटते, गाठ धरते, तापही येतो. दूध काढायला बंद खोली आणि वेळ हवा असं संस्थेला आधी कळवा. परत आल्यावर बाळ एक-दोन दिवस तोंड फिरवेल. ते पुन्हा प्यायला लागतं, धीर धरा.

१९. आम्ही दोघंही शिकतो आहोत आणि दोघांची परीक्षा एकाच दिवशी आली. आता?

तारखा जाहीर झाल्या त्याच दिवशी ज्याच्या संस्थेत पुरवणी परीक्षा लवकर होते त्याने तारीख बदलून मिळते का ते विचारायचं. मिळत नसेल तर त्या दिवसासाठी दोन माणसं ठरवा, एक नव्हे. आलटून-पालटून बाहेर येणाऱ्या दोघांपैकी कुणाचाच पेपर धड होत नाही. आणि पुढच्या सत्राचे विषय निवडताना दोघांची वेळापत्रकं शेजारी शेजारी ठेवून मगच फॉर्म भरा.